मदत हवी आहे: इंग्लिश कायद्यात 'जास्त देतो' चालतं, मग 'कमी घेतो' का चालत नाही?

नमस्कार मंडळी. पुण्यात एलएलबी करून सात वर्षं झाली. आता लंडनमध्ये नोकरी सांभाळून संध्याकाळी इथल्या कायद्याचा अभ्यास करतोय. गाडी कन्सिडरेशनवर, म्हणजे आपल्या प्रतिफलावर (वचनाच्या बदल्यात जे द्यायचं त्यावर), अडली आहे.

गृहपाठाला प्रश्न होता: भाडेकरूकडे १,२०० पौंड थकलेत. घरमालक ८०० घेऊन 'हिशेब मिटला' म्हणतो आणि महिन्याभराने उरलेले ४०० मागतो. मिळतील का? मी बिनधास्त 'नाही' लिहिलं. डोक्यात आपला १८७२ चा करार कायदा, कलम ६३. त्यात उदाहरणच दिलंय ना: पाच हजारांच्या देण्यापोटी दोन हजार घेऊन 'फिटलं' म्हटलं की सगळं फिटलं. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईत एकच शब्द होता: 'फोक्स?'

मग फोक्स विरुद्ध बिअर (१८८४) वाचला. डॉ. फोक्सवर मिसेस बिअरचं २,०९० पौंडांचं, कोर्टाने ठरवलेलं देणं. ५०० लगेच, बाकीचे दर सहा महिन्यांनी १५०, आणि बाई पुढे कारवाई करणार नाहीत, असं लेखी ठरलं. डॉक्टरांनी मुद्दल पूर्ण फेडलं. त्यावर बाईंनी व्याज मागितलं आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) ते देववलं! जे द्यायचंच आहे त्यातला तुकडा देणं हे प्रतिफल नव्हे, म्हणे. हा नियम १६०२ च्या पिनेल खटल्यापासूनचा. पण पैशांऐवजी घोडा, ससाणा किंवा झगा दिला तर देणं फिटतं. (घरमालकाला ससाणा नेऊन द्यावा का?)

इथवर ठीक. पण विल्यम्स विरुद्ध रॉफीमध्ये लंडनमधल्या फुलमच्या २७ फ्लॅटांचं सुतारकाम २०,००० पौंडांना घेतलेला सुतार पैशांअभावी अडकतो. मुख्य कंत्राटदार आपल्याला उशिराचा दंड बसू नये म्हणून १०,३०० जास्त कबूल करतो. सुतार तेच काम करणार, नवीन काही नाही. तरी कोर्ट म्हणतं, कंत्राटदाराला 'प्रॅक्टिकल बेनिफिट' (प्रत्यक्ष फायदा) झाला, वचन पाळा. मग माझ्या घरमालकाला ८०० रोख हातात पडले, तो बेनिफिट नाही? कुणी समजावेल का?

प्रतिसाद १
तर्काने तुमचं बरोबर आहे, पायरीने चूक. रॉफी कोर्ट ऑफ अपीलचा, फोक्स हाउस ऑफ लॉर्ड्सचा. खालचं कोर्ट वरच्याचा निकाल मोडू शकत नाही. रि सिलेक्टमूव्ह या खटल्यात थकलेला कर हप्त्याने भरू म्हणणाऱ्या कंपनीने नेमका तुमचाच मुद्दा मांडला होता. कोर्ट ऑफ अपील म्हणालं, तो इथे लावला तर फोक्सला काही अर्थच उरत नाही. खुद्द फोक्समध्ये एक न्यायाधीश, लॉर्ड ब्लॅकबर्न, यांना हा नियम पटला नव्हता. व्यापारी माणसं रोज थोडं कमी पण लगेच घेतात आणि त्यात त्यांचं भलंच असतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी बाकीच्यांबरोबर गेले. २०१८ मध्ये रॉक ॲडव्हर्टायझिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाकडे संधी आली होती. लॉर्ड सम्प्शननी फोक्सच्या फेरविचाराची वेळ बहुधा आली आहे असं म्हटलं, आणि निकाल दुसऱ्याच मुद्द्यावर दिला. उत्तरात हा वाद लिहा, त्यालाच मार्क असतात. कलम ६३ मात्र विसरा.

धागाकर्ता
वा, आता उलगडलं! मग भाडेकरूला वाचवायला हाय ट्रीजचा खटला लावू का?

प्रतिसाद २
लावा, पण जपून. युद्धात फ्लॅट रिकामे पडले म्हणून मालकाने वर्षाचं भाडं २,५०० चं १,२५० केलं. न्यायाधीश डेनिंगसाहेब म्हणाले, त्या काळापुरता फरक आता मागता येणार नाही. फ्लॅट भरल्यापासून मात्र पूर्ण भाडं. म्हणजे सवलत, कायमची माफी नव्हे. शिवाय हे एस्टॉपेल (दिलेल्या शब्दावरून मागे फिरू न देणारा नियम) ढाल आहे, तलवार नाही. तुमचा भाडेकरू बचावातच आहे, तेव्हा ते जमेल. खरी मेख डी अँड सी बिल्डर्सच्या खटल्यात. छोट्या बिल्डरचे ४८२ पौंड येणं, तो कर्जात बुडालेला. हे ठाऊक असूनही समोरच्या बाईंनी सांगितलं, ३०० घ्या नाहीतर काहीच मिळणार नाही. तिथे त्याच डेनिंगनी एस्टॉपेल नाकारलं, कारण अडवून घेतलेली सूट. तुमच्या घरमालकाने ८०० का घेतले ते प्रश्नात दिलंय का?

धागाकर्ता
आत्ता परत वाचलं. दुसऱ्याच ओळीत आहे: घरमालकाचा बँकेचा हप्ता थकला होता आणि भाडेकरूला ते माहीत होतं. मी ती ओळ नुसती वरवर वाचून पुढे गेलो होतो. उत्तर नव्याने लिहायला बसतो.