श्रीलंका, १४ जण, ९ रात्री, फेब्रुवारी: यादीतून काय काय गाळावं?

वाटाड्या_पुणे

आम्ही १४ जण आहोत. सर्वांत लहान १० वर्षांची, सर्वांत मोठे ६८. पक्षी बघणारे पाच, जुनी शिल्पं आणि लेणी बघणारे चार, बाकीचे "चांगलं दिसेल ते" वाले. मुंबईहून थेट कोलंबो, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ९ रात्री.

टूरवाल्याने दिलेली यादी: नेगोंबो, अनुराधापुर, सिगिरिया, पोलोन्नरुवा, दंबुल्ल, मिन्नेरियात "हत्तींचा महामेळा", कँडी, नुवर एलिया, होर्टन प्लेन्स, एल्लाची रेल्वे, याला, सिंहराज, मिरिस्सात व्हेल, गॉल, कोलंबो. नकाशावर सगळं हातभर अंतरावर दिसतंय. हे जमेल का? नसेल तर काय सोडू? तिघे पक्के शाकाहारी आहेत. दोन गुडघे कुरकुरतात.

घाटमाथा

नाही जमणार. नकाशा बघून श्रीलंकेचा हिशोब केला की फसगत ठरलेली. डोंगरी रस्त्यांवर सरासरी ताशी २५-३० किलोमीटर धरा. कँडी ते नुवर एलिया ७७ किलोमीटर आहे, त्याला अडीच ते तीन तास जातात. १४ जणांचं एकदा चहा-लघवीला थांबणं म्हणजे पाऊण तास, तोही प्रत्येक टप्प्यात मिळवा.

मुक्काम पाच-सहा ठिकाणीच ठेवा. हबरणा किंवा सिगिरियाला तीन रात्री टाकल्या की सिगिरिया, पोलोन्नरुवा आणि हत्ती हे तिन्ही एकाच खोलीतून होतात, दंबुल्ल कँडीला जाताना वाटेवर. अनुराधापुर सोडा. ते अर्ध्या दिवसात उरकायचं ठिकाण नाही. तिथला श्री महाबोधी हा पिंपळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लावलेला, पण त्याच्यासाठी येऊन-जाऊन अख्खा दिवस मोडतो.

महामेळ्याबद्दल: तो फेब्रुवारीत नसतो. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. जुलै ते सप्टेंबरमध्ये पाणी ओसरतं, काठावर कोवळं गवत उगवतं आणि त्या गवतासाठी हत्ती येतात. फेब्रुवारीत तलाव भरलेला, गवत पाण्याखाली. हत्ती तेव्हा बहुधा शेजारच्या हुरुलू इको पार्ककडे असतात. टूरवाला फेब्रुवारीत "महामेळा" विकत असेल तर त्याची बाकीची यादीही बारकाईने तपासा.

पंखवेडा

@घाटमाथाशी सहमत. भर एवढीच की हत्ती कुठे आहेत हे त्या दिवशी सकाळी जीपवाल्यांना माहीत असतं. म्हणून हुरुलू, कौडुल्ल की मिन्नेरिया हे आधी पैसे भरून पक्कं करू नका. दुपारी अडीच-तीनला निघायचं आणि पार्क त्याच दिवशी ठरवायचं.

१४ जणांना तीन जीप घ्या, दोन नको. एका जीपमध्ये सात बसवले की मधल्याला फक्त पुढच्याची टोपी दिसते. ५-५-४ अशी वाटणी करा आणि पक्षीवाले पाचही एकाच जीपमध्ये. हत्तीवाल्यांबरोबर बसवलंत तर अर्धे "अजून किती वेळ त्या चिमणीसाठी" म्हणत बसतील.

प्रवेशशुल्क, सेवाशुल्क, जीप आणि वर व्हॅट हे सगळं वेगवेगळं आकारतात. "माणशी एकूण किती" हे आधी लेखी मागा.

याला राष्ट्रीय उद्यानही गाळा. ब्लॉक एकमध्ये बिबट्या दिसला की जीपगाड्यांची रांग लागते आणि दोन तास धूळ खायला मिळते. त्याऐवजी उडवलवे. ३०८ चौरस किलोमीटर, मोकळं माळरान, हत्ती बारमाही. लहानगीसाठी तिथलं अनाथ हत्तीपिल्लांचं केंद्र आहे, १९९५ पासून चालू. ९, १२, ३ आणि ६ वाजता दूध पाजतात, ते दुरून गॅलरीतून बघायचं. पिल्लांना हात लावू देत नाहीत आणि तेच बरोबर आहे, कारण ती पुढे जंगलात सोडायची असतात.

लेणीप्रेमी

शिल्पवाल्या चौघांच्या बाजूने बोलतो, नाहीतर पक्षीवाले सगळी सहल खाऊन टाकतील.

सिगिरिया (कातळावरचा किल्ला): तिकीटखिडकी उघडताना दारात असा. पायऱ्या साधारण १२००. नऊनंतर लोखंडी जिन्यावर रांग थांबते आणि उन्हात उभं राहावं लागतं. गुडघेवाल्यांनी वर जायलाच हवं असं नाही. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाच्या जलउद्यानात आणि पायथ्याच्या शिळांच्या बागेत दीड तास सहज जातो. मात्र भित्तिचित्रं आणि आरसाभिंत बघायची तर अर्ध्यापर्यंत चढावंच लागेल. चित्रांचे फोटो घेता येत नाहीत. आरसाभिंतीवर पूर्वीच्या प्रवाशांनी कोरलेल्या ओळी आहेत, त्यातल्या ६८५ कविता पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी वाचून काढल्या. बहुतेक त्या वरच्या चित्रातल्या बायकांना उद्देशून आहेत. भिंतीवर नाव कोरायची खोड तेवढी जुनी! (आता कोरलंत तर अटक होते.)

कड्यावर आग्या मोहोळं आहेत, सिंहलीत बंबरा. शांत राहा म्हणून पाट्या लावल्यात, त्या गंमत म्हणून नाहीत. शिट्ट्या, आरडाओरडा, उग्र अत्तर टाळा. माश्या उठल्या तर रस्ता बंद करतात.

पोलोन्नरुवा: अर्धा दिवस, सपाट, सायकली भाड्याने मिळतात. गल विहारातल्या चार मूर्ती एकाच कातळात कोरलेल्या, निजलेली मूर्ती सुमारे १४ मीटर. कातळाच्या नैसर्गिक रेषा बुद्धाच्या चेहऱ्यावरून आडव्या गेल्यात, त्या सकाळच्या तिरप्या उजेडात बघा. दुपारी सगळं सपाट दिसतं. अकराव्या शतकातलं चोळांचं शिवदेवालयही तिथेच आहे.

दंबुल्ल: पाच गुहा. तिकीट खाली मिळतं, वर नाही. आधी जिने चढून मग तिकिटासाठी परत उतरणारे रोज दिसतात. चपला बाहेर ठेवायच्या आणि बाराच्या सुमारास फरशी तव्यासारखी तापते, म्हणून जाड मोजे खिशात ठेवा. मोज्यांना हरकत घेत नाहीत.

सगळीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. याबाबत तिथे खरोखर रागावतात.

वाटाड्या_पुणे

फारच उपयोगी, धन्यवाद! अनुराधापुर, याला आणि कोलंबो गेले. आता होर्टन प्लेन्स आणि सिंहराज दोन्ही राहतील का? आणि गाडी कोणती? टूरवाला "केडीएच" म्हणतोय.

चाकोरीबाहेर

केडीएच म्हणजे टोयोटाची व्हॅन. आठ जण आणि त्यांचं सामान, बस्स. १४ जण कोंबले तर बॅगा मांडीवर. २२ किंवा जास्त सीटची कोस्टर (मिनीबस) मागा आणि शेवटची रांग सामानाला सोडा. ती हवीच, कारण या गाड्यांना डिकी जवळजवळ नसते. ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाची सोय हॉटेलात आहे का, हे आधी विचारून घ्या. काही ठिकाणी नसते, मग रात्री नऊला धावपळ होते.

गाइड घ्याल तर पर्यटन खात्याचा परवाना असलेला राष्ट्रीय गाइड घ्या. गाडी चालवत बोलणारा चौघा-पाचांना ठीक. १४ जणांत मागच्या रांगेला त्याचं काही ऐकू येत नाही आणि घाटात त्याने रस्ता बघावा हेच बरं.

पासपोर्ट मूळ प्रत बरोबर ठेवा. सार्क देशांच्या नागरिकांना बऱ्याच तिकीटखिडक्यांवर कमी दर असतो, पण पासपोर्ट दाखवला तरच. गटात कोणी अमेरिकेचा नागरिक झालेला असेल तर त्याला ओसीआय कार्डावर सवलत मिळत नाही, त्याचा पूर्ण दर धरा.

पंखवेडा

होर्टन प्लेन्स की सिंहराज? तुमच्या गटाला एकच. दोन्ही केले तर पहाटेचे अलार्म इतके होतील की चौथ्या दिवशी भांडणं सुरू.

होर्टन प्लेन्स: २१०० मीटरच्या वर, साधारण ९ किलोमीटरची फेरी, मधे "वर्ल्ड्स एंड"चा कडा. नुवर एलियाहून पाचच्या सुमारास निघावं लागतं, कारण नऊ-दहाला दरीतून धुकं वर येतं आणि मग कडा म्हणजे पांढरी भिंत. पहाटे तापमान १० अंशांखाली जाऊ शकतं. फाटकावर पिशव्या तपासून प्लॅस्टिकची वेष्टनं काढून घेतात. खाऊ स्टीलच्या डब्यात न्या, दशम्या-चटणी उत्तम.

सिंहराज: सखल भागातलं सदाहरित जंगल, १९८८ पासून जागतिक वारसा. इथे पक्षी एकेकटे शोधायचे नसतात, मिश्र थव्याची वाट बघायची. नारिंगी चोचीचे सातभाई आणि तुरेवाला कोतवाल पुढे असतात, मागून बाकीची मिरवणूक. अर्धा तास काहीच नाही, मग पाच मिनिटांत पंधरा जाती! त्यामुळे चालत सुटू नका, थव्याचा गलका ऐकला की जागेवर थांबा. निळा मॅगपाय फक्त श्रीलंकेतच. फ्रॉगमाउथ आणि मलबार ट्रोगन मात्र आपल्या आंबोलीचेच नातेवाईक. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून एकच जैवविविधता क्षेत्र मानतात ते उगीच नाही.

पक्ष्यांसाठी कुडवा फाटक सरस, पण तुमच्या मार्गावर उडवलवेहून देनियायचं फाटक सोयीचं, पुढे दक्षिण किनाराही जवळ. गाइड सक्तीचा. गुडघेवाले पहिल्या दोन किलोमीटरांवरून परत फिरू शकतात, म्हणून दोन गाइड घ्या.

घाटमाथा

माझं मत होर्टनला होतं, पण दहा वर्षांची मुलगी आणि गुडघे बघता सिंहराज घ्या. होर्टनच्या फेरीत बेकर्स धबधब्यानंतरची चढण गुडघ्यांना नको होते आणि अर्ध्यावरून गाडी बोलावता येत नाही.

रेल्वेचं नीट ऐका. कँडी–एल्ला पूर्ण प्रवासाचा हट्ट धरू नका, सहा-सात तासांत मुलं आणि मोठे दोघेही कंटाळतात. नानुओया (नुवर एलियाचं स्टेशन) ते एल्ला अडीच-तीन तास पुरे. आरक्षण ३० दिवस आधी खुलं होतं आणि भराभर संपतं. १४ पासपोर्ट क्रमांक एका कागदावर टाइप करून तयार ठेवा. पहिल्या वर्गाचा एसी डबा घेऊ नका, त्याच्या खिडक्या उघडत नाहीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाचं आरक्षित घ्या. सामान कोस्टरने रस्त्याने पुढे जाऊ दे.

नोव्हेंबर २०२५ च्या डिटवा वादळात या मार्गावर ठिकठिकाणी दरडी आल्या. बुकिंगआधी गाडी कुठून कुठे धावतेय ते बघा. बंद असेल तर तोच पट्टा कोस्टरने करा. देमोदरजवळचा नऊ कमानींचा पूल तसाही बाहेरूनच चांगला दिसतो.

सुगरण_ठाणे

शाकाहाऱ्यांसाठी: भाजी "व्हेज" दिसते पण तिच्यात उंबलकड असतं, म्हणजे सुकवलेल्या ट्यूनाचा चुरा. पोल सांबोल (ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी) तर त्याशिवाय क्वचितच करतात. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, "उंबलकड दान्न एपा" म्हणा, म्हणजे उंबलकड घालू नका. मांस-मासे नकोत हे सांगायला "मस् माळू एपा".

बिनधास्त खा: परिप्पू (नारळाच्या दुधातली मसूर डाळ), पोलोस (कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची रस्सा भाजी), इंदी आप्प (तांदळाच्या शेवया), किरिबत (नारळाच्या दुधातला भात). परिप्पूच्या फोडणीतही कधी उंबलकड पडतं, तेवढं विचारा. म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि वर कितुल पाक नक्की खा. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. मासे खाणाऱ्यांनी आंबुल तियल (आंबट मासा) सोडू नका. त्याला आंबटपणा गोरक्याचा, आणि गोरका हा आपल्या कोकमाचा चुलतभाऊ.

दर पौर्णिमेला पोया, सार्वजनिक सुट्टी. दारू विकत नाहीत, बरीच मांसाची दुकानं बंद, देवळांना तुफान गर्दी. फेब्रुवारीतला पोया साधारण आपल्या माघी पौर्णिमेला येतो. त्या दिवशी कँडीत मुक्काम नको.

वाटाड्या_पुणे

असं ठरतंय: हबरणा ३, कँडी १, नुवर एलिया १, उडवलवे १ (वाटेत नानुओया–एल्ला रेल्वे), देनियाय १, मिरिस्सा २ आणि परतीच्या वाटेवर गॉल. चूक दिसली तर सांगा. व्हेल लहानगीला झेपेल?

चाकोरीबाहेर

कँडीचा दिवस घट्ट आहे. दंबुल्ल आटपून पाचपर्यंत कँडीत पोचलात तर बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिराची साडेसहाची पूजा मिळते, उशीर झाला तर सकाळी साडेनऊची. दात दिसत नाही, करंडक दिसतो, तोही रांगेतून काही क्षण. मुलांना आधीच सांगून ठेवा. पेरादेणियाची बाग दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास, मगच नुवर एलियाचा रस्ता.

व्हेल: बोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटतात, चार-पाच तास. मळमळीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, लाटा सुरू झाल्यावर उपयोग नाही. मुलीचा डोस डॉक्टरांना विचारा. नाश्ता कोरडा आणि थोडा, मागे मधोमध बसवा, मोबाइल बंद. बोटवाल्याला आधी विचारा की व्हेलपासून १०० मीटर दूर राहतो का. "अगदी जवळ नेतो" म्हणाला तर दुसरा बघा. दोघा-तिघांना नको असेल तर त्यांनी थेट गॉल गाठावं. किल्ल्याच्या तटावरून फेरी संध्याकाळी, दुपारी दगड भाजतो.

पंखवेडा

देनियायसाठी जळूमोजे १४ जोड इथूनच न्या. साध्या मोज्यांच्या विणीतून जळू आत शिरते. हे घट्ट विणीचे कापडी मोजे पँटवरून गुडघ्यापर्यंत चढवून नाडी बांधायची, बूट त्यावर. मुलीसाठी लहान माप मागा, मोठ्या मोज्याला घडी पडली की त्याच घडीतून जळू वर चढते. चिकटलीच तर ओढू नका, नखाने तिचं बारीक तोंड बाजूला सरकवा. मीठ-तंबाखू टाकली की ती जखमेत ओकते. नंतर साबणाने धुवा आणि पट्टी लावा, रक्त बराच वेळ झिरपत राहतं, ते नेहमीचंच आहे.