जपानात राहतानाचे शनिवार-रविवार : तुमचेही लिहा

मृद्गंध
काल माळा आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाती लागला. आत माझी शिक्क्यांची वही! तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहिते. जपानात बऱ्याच स्टेशनांवर गेटाजवळ एक मोठा शिक्का आणि शाईचं पॅड ठेवलेलं असतं. शिक्क्यावर त्या गावचं चित्र. कुणीही यावं, आपल्या वहीत उमटवावं, पैसे नाहीत. २००९ ते २०१२ आम्ही तोक्योत निशी-कासाईला होतो. नवरा रात्री अकराला घरी यायचा, भाषा मला येत नव्हती, दिवसभर मी आणि लहान लेक. शनिवार कधी येतो म्हणून बोटं मोजायचे.

चौथ्या पानावर कामाकुरा. शिक्का अर्धाच उमटलाय आणि शेजारी एक इवलासा निळा अंगठा. लेक तेव्हा दोन वर्षांचा, मी शिक्का दाबत असताना त्यानं पॅडवर हात आपटला होता. आता तो अकरावीला आहे. काल ते पान उघडून मी शिडीच्या पायरीवरच बसून राहिले.

कामाकुराचा दाइबुत्सू, म्हणजे बुद्धाची प्रचंड मूर्ती, उघड्यावर बसलाय, कारण त्याच्यावरचं देऊळ पंधराव्या शतकात त्सुनामीत गेलं म्हणतात आणि परत कुणी बांधलंच नाही. ब्राँझचा, आतून पोकळ. तेव्हा २० येन दिले की त्याच्या पोटात जाता यायचं. आत अंधार, धातू उन्हानं तापलेला, आणि टप्प्याटप्प्यानं ओतल्याचे सांधे भिंतीवर स्पष्ट दिसतात. लेकानं आत शिरल्या शिरल्या "बाप्पाऽऽ" अशी हाक मारली. ती घुमून घुमून परत आली तसं आमच्या पुढचे एक जपानी आजोबा मागे वळले आणि त्यांनी लेकाला वाकून नमस्कार केला.

मग एनोदेननं एनोशिमाला. ही गाडी लोकांच्या परसातून जाते, वाळत घातलेले कपडे हाताला लागतील इतकी जवळून. समुद्राकाठी बसून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या आणि मागून घार आली ती लेकाच्या हातातली पुरी घेऊनच गेली. तो रडला नाही, "काऊ मोऽठा" एवढंच म्हणाला. वर देवळात बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वतीच, हातात वीणेसारखं वाद्य. तिच्यापुढे उभी राहिले आणि त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा वाटलं, इथे आपलं निभेल.

तुम्ही कुठे कुठे गेलात? लिहा ना, दोन ओळी असल्या तरी चालतील.

केदार_न
ओगाकी स्टेशनवरची पळापळ आठवणारं कुणी आहे का इथे??

सेइशुन १८ चं तिकीट. नावात अठरा असलं तरी वयाची अट नाही. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) साध्या गाड्या, दिवसभर कितीही फिरा, शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) नाही. आमच्या वेळी पाच दिवसांचे ११,५०० येन, म्हणजे दिवसाला २,३००. पाच जणांनी मिळून एकाच दिवशी वापरलं तरी चालायचं. परदेशी प्रवाशांना मिळतो तो रेल्वे पास तिथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मिळत नाही, त्यामुळे आमची सगळी भिस्त यावरच. तोक्योहून रात्री अकराच्या सुमारास 'मूनलाइट नागारा' निघायची, पहाटे सहाच्या आत ओगाकी. तिथे पुढची गाडी पकडायला अख्खी गाडीभर माणसं जिना चढून धावायची, म्हातारे, कॉलेजची पोरं, सगळे. पहिल्यांदा मला वाटलं आग लागली. दुसऱ्यांदा मी सगळ्यांच्या पुढे होतो. डोंबिवलीची तालीम कामी आली!

ती गाडी आता बंद झाली. तिकिटाचेही नियम २०२४ च्या हिवाळ्यापासून बदललेत, सलग तीन किंवा पाच दिवस आणि एकाच माणसाला. वाईट वाटलं वाचून.

रश्मी_के
घार!!! आमचा अख्खा पराठा नेला होता तिथेच. भाजीसकट

मृद्गंध
@रश्मी_के मग त्या घारींना आता मराठी जेवणाची सवय असणार 😄

विनय_अ
कोयासान. वाकायामातलं, कूकाई या बौद्ध भिक्षूंनी ८१६ मध्ये मठासाठी निवडलेलं डोंगरमाथ्यावरचं गाव. ओसाकाला नाम्बाहून गाडी, शेवटी उभ्या चढाची केबल कार. देवळातच मुक्काम. मी शाकाहारी, जपानात पहिले आठ महिने भात, उमेबोशीची ओनिगिरी (आत खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा) आणि केळी यावर काढलेले. कारण भाजीत, सूपमध्ये, सगळीकडे दाशी, माशाचं पाणी. तिथे शोजिन र्‍योरी मिळालं, भिक्षूंचं जेवण, मासमच्छी नाही, कांदालसूणही नाही. लाल लाखेच्या छोट्या छोट्या वाट्या, तिळाचा तोफू, कोयादोफू (गोठवून वाळवलेला तोफू), रानभाज्यांचा तेंपुरा. न विचारता सगळं खाता येतंय ही केवढी मोठी गोष्ट असते ते फक्त तशा माणसालाच कळेल.

पण सांगायचंय ते वेगळंच. पहाटे ओकुनोइनला गेलो. दोन लाखांहून जास्त समाध्या, प्रचंड जुनी सुरूची झाडं, सगळीकडे शेवाळ. एका समाधीमागे लाकडाच्या उंच पट्ट्या उभ्या होत्या, त्यावर शाईनं लिहिलेलं. खालचं जपानी काही कळेना, पण वरची पाच अक्षरं... मी चष्मा पुसून परत पाहिलं. ती सिद्धम् लिपी, आपल्याच ब्राह्मीच्या घरातली. ख, ह, र, व, अ. पंचमहाभूतांची बीजाक्षरं. 'र' तर मला लगेच लागला. आजोबांकडे लहानपणी संथा घेतली होती, त्यांचा आवाज कानात आला. बोटानं हवेत ती अक्षरं गिरवत होतो, तेवढ्यात एक भिक्षू आले. मी "र" म्हटलं, ते "रा" म्हणाले, मग मी "व", ते "बा". पाचही झाली. दोघांनाही दुसरी कुठली समान भाषा नव्हती.

सुलभाताई
विनय, वाचून अंगावर काटा आला रे. माझे आजोबाही पूजेला बसले की पृथ्वीपासून आकाशापर्यंत बीजं म्हणायचे.

शर्वरी
नाराचं कुणीच नाही लिहिलं? तिथल्या तोदाइजी देवळातल्या बुद्धाचे डोळे ७५२ मध्ये ज्यांच्या हस्ते उघडले ते बोधिसेन भारतातले भिक्षू होते. एवढंच लिहितेय, कुकर झालाय

पल्लवी_जो
मला तोगे नो कामामेशीबद्दल लिहायचंय. योकोकावा स्टेशनचा डबा, १९५८ पासूनचा. खऱ्या मातीच्या भांड्यात भात येतो, वर झाकण, आणि ते भांडं घरी न्यायचं. कारुइझावाला जाताना नवरा-मुलं तो खायची (त्यात चिकन असतं, मी खात नाही), भांडी माझी! सात जमली होती. त्यात दही इतकं घट्ट लागतं म्हणून सांगू. नाशिकला येताना चार आणली कपड्यांत गुंडाळून, अजून तीन आहेत.

रश्मी_के
@पल्लवी_जो तिकडे विरजण काय लावायचीस? माझं कायम तार सुटायचं

पल्लवी_जो
दुकानातलं साधं योगर्ट चमचाभर. दूध कोमट हवं, जास्त गरम नको. आणि हिवाळ्यात भांडं टॉवेलात गुंडाळून कोतात्सूखाली, म्हणजे खाली हीटर असलेल्या बुटक्या टेबलाखाली!

रश्मी_के
कोतात्सूखाली... हे आधी का नाही भेटलीस गं तू

संग्राम_कोल्हापूर
फुजी. ३,७७६ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. मी म्हटलं सह्याद्रीत वाढलोय, काय होतंय. बसनं पाचव्या टप्प्यापर्यंत, तिथंच २,३०० मीटर, रात्री नऊला चालाय लागलो. सह्याद्रीत हाताला कातळ तरी घट्ट लागतो, इथं सगळी सुटी लाव्हाची खडी, एक पाऊल पुढं, अर्धं मागं. ऑगस्ट असून वर बोटं वाकंनात इतकी थंडी. आठव्या टप्प्याला आमच्यातल्या एकाचं डोकं फुटायची वेळ आली, उलट्या. पातळ हवा लागली त्याला. मी त्याच्याबरोबर झोपडीत थांबलो, बाकीचे वर गेले. शिखर राहिलं. पण सूर्य तिथूनच बघितला, पायाखाली सगळा ढगांचा समुद्र. शेजारी एक सत्तरीच्या बाई, त्यांनी मित्राला आपल्या थर्मासमधला गरम चहा पाजला. मी त्यांना आईनं पाठवलेला डिंकाचा लाडू दिला. काठीवर प्रत्येक झोपडीत तापल्या लोखंडाचा शिक्का मारून घेतात, माझ्या काठीवर आठव्या टप्प्यापर्यंतच शिक्के हायत. ती गावाकडं देवघराजवळ उभी हाय.

मृद्गंध
संग्रामदादा, मित्राबरोबर थांबलात हेच शिखर समजा. काठीचा फोटो टाका ना.

नीलिमा_प
आम्ही ११ मार्च २०११ ला, मोठा भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा, तिथे होतो. शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आतामीला जायचं होतं, बॅग दाराशी भरून ठेवलेली. २ वाजून ४६ मिनिटांनी... ते लिहीत नाही. गाड्या बंद. शिनागावाहून निशी-कासाईपर्यंत चालत आले, हजारो माणसं फुटपाथवरून चाललेली, कुणी धक्का नाही, कुणी ओरडत नाही. घरी पोचले तेव्हा रात्रीचे साडेदहा. बॅग पडली होती, बाकी घरभर काचा. आतामी राहिलंच.

पुढच्या वर्षी मुद्दाम सेंदाईजवळ मात्सुशिमाला गेलो. तिथल्या छोट्या छोट्या बेटांनी लाट अडवली म्हणून गाव पुष्कळसं वाचलं, आसपासची किनाऱ्यावरची गावं मात्र गेली. चहाच्या दुकानातल्या बाईंनी कुठून आलात विचारलं. तोक्यो म्हटलं. त्या म्हणाल्या, भारतातून ना? मग पैसे घेईनात. मी बळंच ठेवले.

मृद्गंध
नीलिमा, आम्हीही त्या दिवशी तिथेच. निशी-कासाईलाच! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

हेमंत_ठा
तोक्योत आसाकुसाला सेन्सोजीच्या देवळात सगळे जातात. तिथून दहा मिनिटांवर नदीकाठी मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे, तिथे जा. देव म्हणजे कांगितेन, आपला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत, पण जिकडे तिकडे मुळा कोरलेला, पायरीला, दिव्याला. मोदकाच्या जागी पांढराशुभ्र मुळा वाहायचा. एका संकष्टीला शनिवार आला, गेलो. परत निघताना प्रसादाचा मुळा मिळाला. घरी बायकोनं त्याची दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली आणि चंद्र बघून उपास सोडला.

शर्वरी
निशी-कासाईवरून आठवलं, ते ज्या एदोगावा विभागात येतं त्याच्या सभेवर २०१९ मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक, मराठी ना?

हेमंत_ठा
हो. निकाल लागला त्या दिवशी आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटोच फोटो.

स्वाती_रत्नागिरी
सासूबाई आल्या होत्या तीन महिन्यांसाठी, वय ६८, नऊवारीतल्या. कुसात्सूला नेलं. तिथे गरम पाण्याचे झरे इतके कढत की बायका लांब फळ्यांनी पाणी ढवळून निववतात, गाणं म्हणत. ओनसेनमध्ये, म्हणजे त्या झऱ्याच्या सार्वजनिक स्नानगृहात, सगळ्या बायकांत विवस्त्र उतरायचं हे मला त्यांना सांगवेना. त्यांनी दारातून आत एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगो, सगळ्या बायकाच तर आहेत." माझ्याआधी पाण्यात! एका जपानी आजींनी त्यांची पाठ चोळून दिली, मग यांनी त्यांची. गुडघे दुखतात हे दोघींनी एकमेकींना कसं सांगितलं देव जाणे. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. शेवटच्या आजारपणातही त्या गंधकाच्या वासाबद्दल बोलायच्या.

सुलभाताई
स्वाती 🙏

अ_देशमुख
एक कडू आठवणही लिहितो. एका डोंगरातल्या गावात मुक्कामाला फोन केला, मोडकं जपानी ऐकून "परदेशी नकोत" म्हणून ठेवून दिला. बायको गरोदर, बर्फ सुरू झालेला. स्टेशनमास्तरांनी स्वतः चार ठिकाणी फोन केले, शेवटी आपल्या बहिणीकडे पाठवलं. लेकीला अजून दर नववर्षाला त्यांचं कार्ड येतं.

मंजिरी_ना
माझी लेक एप्रिलमध्ये नागोयाला जातेय नोकरीला. एकटीच. तुमचं सगळं वाचून धीर आला. तिथून शनिवारी कुठे जाता येईल?

केदार_न
@मंजिरीताई किसो खोऱ्यात मागोमे ते त्सुमागो, जुन्या नाकासेन्दो रस्त्यानं पायी, आठेक किलोमीटर. मागोमेहून सुरू करायला सांगा, चढ कमी लागतो. नागोयाहून नाकात्सुगावापर्यंत गाडी, पुढे बस. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या आहेत, येता-जाता वाजवायच्या.

मंजिरी_ना
अस्वलं???

केदार_न
मी तीनदा गेलो, एकदाही दिसलं नाही. घंटा जोरात वाजवायला सांगा. आणि बससाठी सुटे पैसे ठेवायला.