ब्यॅन, म्ना आणि वेदातली ग्ना

प्रश्न असा आहे की आयरिश 'ब्यॅन' (बाई) या शब्दाचं अनेकवचन 'म्ना' कसं होतं. दोन्ही एकाच शब्दाची रूपं आहेत. मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत आणि आयरिश यांची समान पूर्वज भाषा) 'ग्व'चा केल्टिकमध्ये, म्हणजे आयरिशच्या भाषागटात, 'ब' झाला. वेदात तोच शब्द 'जनि' आणि 'ग्ना' असा भेटतो. मधला स्वर गळाला की आपल्याकडे 'ग्ना', तिकडे 'ब्ना' आणि पुढे 'म्ना'. किती सुंदर नातं आहे हे! आयर्लंडमधल्या कॉनॉक्ट आणि अल्स्टर या प्रांतांमध्ये मात्र 'म्ना'ऐवजी 'म्रा' ऐकू येतं.

षष्ठी एकवचनही 'म्ना'च. षष्ठी अनेकवचनात 'ब' परततो, पण आधी 'न' हे उपपद आलं की लिहितात 'म्बान' आणि म्हणतात 'मान'. १९१४ साली स्थापन झालेल्या 'कुमन न मान' या आयरिश महिला संघटनेच्या नावात हेच रूप आहे.