मदत हवी आहे: तीन दिवसांनी मुलाचा वयोगट हुकला

नमस्कार मंडळी. मुलाचा जन्म 29 डिसेंबर 2012 चा. रेशीमबागेत फुटबॉल खेळतो. यंदा तेरा वर्षांखालील गटाला 1 जानेवारी 2013 नंतरचाच जन्म चालतो, म्हणून तो थेट पंधराच्या गटात. बाकावरचा मित्र 4 जानेवारीचा, तो मात्र खालच्या गटात! काल मोठ्या पोराच्या खांद्याला धडकून पडला, गुडघा सोलला. रडला नाही, पण जेवलाही नाही.

1 जानेवारी ही तारीख 2017 च्या आपल्याकडच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकालाही होती, मान्य. पण अमेरिकेत मोठ्या संघटना 2026-27 पासून 1 ऑगस्ट धरताहेत, म्हणजे वर्गमित्र बरेचसे एकत्र राहतील. मला ते पटतं.

डिसेंबरच्या मुलांना तुम्ही कसं सांभाळलंत? वर्षभर नुसता सरावच करू द्यावा का?