मदत हवी आहे: जीभ वळवण्याऐवजी वर्गात काय घ्यावं?

नमस्कार मंडळी. नववीला आनुवंशिकता शिकवतेय. दरवर्षीसारखं यंदाही मुलांना सांगितलं, घरी कोणाकोणाला जिभेची नळी करता येते ते बघून या. दुसऱ्या दिवशी एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मला येते, पण आई-बाबा दोघांनाही येत नाही. असं कसं?" मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. फळ्यावर मीच लिहिलं होतं, नळी होणं प्रभावी लक्षण, म्हणजे मुलाला येत असेल तर आई-बाबांपैकी एकाला तरी यायलाच हवी!

घरी येऊन वाचलं तेव्हा स्वतःचाच राग आला. १९४० मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ स्टर्टेव्हंटने हे लक्षण आनुवंशिक असल्याचं मांडलं, पण १९५२ मध्येच एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, असं आढळलं. म्हणजे एका जनुकाचा हा सरळ खेळ नव्हेच. कानाची पाळी चिकटलेली की सुटी, याचंही तेच. वर्गात चूक कबूल केली, पण पोरीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

आता घरच्यांना मध्ये न आणता ३:१ (दुसऱ्या पिढीत प्रभावी लक्षणाचे तीन, तर अप्रभावीचा एक) दाखवायचंय. मेंडेलच्या वाटाण्यात ७०५ जांभळी, २२४ पांढरी फुलं होती, हे आकडे फळ्यावर कोरडेच राहतात. चिंचोके फोडून दोन-दोन टाकून पाहिले, पण ते एकाच बाजूवर जास्त पडतात (सारीपाटाला चालतं, इथे नाही). नाणी बरी, पण चाळीस मुलांत गोंधळ फार.

रक्तगट नकोच, तिथेही तीच भीती. कोणी बियांवर किंवा रोपांवर काही केलंय का? आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे.