फाउल हाताचा, चूक पायांची

पंच उगाच शिट्ट्या मारतात म्हणून बास्केटबॉलमध्ये आपली कॉलेजची मुलं पाच फाउल होऊन बाहेर बसतात, असं कुणी म्हटलं की मला ते अर्धंच पटतं. इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये बरेच सामने पाहिलेत (आधी पोहे-जलेबी, मग बास्केटबॉल). समोरचा ड्रिबल करत (चेंडू जमिनीवर आपटत) बाजूनं निसटला की आपला गडी पाय सरकवत नाही, नुसता हात घालतो. शिट्टी वाजणारच!

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात एका क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी एकात) संघाचे चार फाउल भरले की बचावातल्या पुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता बास्केटवर फेकी), मग तो बास्केटपासून कितीही लांब का होईना. आणि थ्री-पॉइंटरवाल्याच्या, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट मारणाऱ्याच्या, अंगावर जाऊन त्याचा शॉट हुकवलात, तर चक्क तीन.

उंच मुलांचं दुखणं वेगळं. समोरच्यानं शॉटची नुसती हुलकावणी दिली की ती हमखास उडतात. हात सरळ वर आणि उडी जागच्या जागी, एवढं घोटून घ्या. मग धडक बसली तरी नियम बचाव करणाऱ्याच्याच बाजूनं असतो. आमच्याकडे मात्र सरावाचा सगळा वेळ शूटिंगमध्येच जातो.