मदत हवी आहे : इंग्लंडमधील चर्चच्या मुलांच्या सुट्टी-शिबिरात स्वयंसेविका म्हणून जाण्यासाठी कागदपत्रे आणि तयारी

नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात राहते. एका शाळेच्या बालवर्गाला शिकवते आणि आमच्या चर्चमध्ये रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुलांचा गट सांभाळते. मे महिन्यात चर्चच्या आवारात मुलांचे उन्हाळी शिबिर भरते, त्यातील गोष्टी आणि हस्तकला हा भाग गेली काही वर्षे माझ्याकडे आहे.

माझी मावशी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. ती राहते त्या गावातील चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चच्या विभागात) ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी सोमवार ते शुक्रवार शिबिर असते. मुले सकाळी येतात आणि दुपारी घरी जातात, मुक्काम नसतो. गाणी, बायबलमधील एक गोष्ट, हस्तकला, मैदानी खेळ असा दिवसाचा क्रम असतो आणि चर्चला कधीही न जाणाऱ्या घरांतील मुलेही पालकांच्या संमतीने येतात. तेथील व्हिकरबाईंनी (पॅरिशच्या धर्मगुरूंनी) मावशीकडून माझ्या कामाबद्दल ऐकले आणि यंदा मदतीला येशील का, असे विचारले. मानधन नाही, विमानाचे तिकीट आम्हीच काढायचे, राहणे मावशीकडे. शाळेने तीन आठवड्यांची विनावेतन रजा देण्याची तयारी दाखवली आहे, हा मोठाच आधार आहे, कारण तेथील सुट्टीच्या काळात आपल्याकडे शाळा ऐन भरात असतात.

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला एकच सल्ला दिला : अर्जात शिबिराचे नावच काढू नकोस, मावशीला भेटायला जाते एवढेच लिही, कोण विचारायला येणार आहे? त्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते, पण हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. परक्या देशातील आईवडील आपली मुले ज्यांच्या हाती सोपवणार, त्यांच्यापैकी एक जण सरकारी अर्जात खोटे लिहून तेथे पोहोचलेली असावी, हे मला सहन होणार नाही. जायचे तर सगळे उघडपणे सांगून जायचे आणि ते जमत नसेल तर यंदा जायचे नाही, असे मी ठरवले आहे. म्हणूनच ज्यांना या विषयाची प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी मला मार्ग दाखवावा, ही विनंती.

मी वाचून जे समजून घेतले आहे ते असे. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, मात्र ती तेथील नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच असली पाहिजे. पगार घेता येत नाही, कामाचा करार असता कामा नये आणि पगारी माणसाच्या जागी मला उभे करता येत नाही. प्रवासासारखा वाजवी खर्च मात्र संस्था भरून देऊ शकते. वर्षभरापर्यंत राहून काम करायचे असेल तर चॅरिटी वर्कर व्हिसा वेगळा आहे आणि त्याला संस्थेची स्पॉन्सरशिप लागते. माझे काम पाच दिवसांचे आहे, तेव्हा पहिला मार्ग पुरेसा असावा असे वाटते. हे बरोबर आहे का?

माझी खरी अडचण पोलीस प्रमाणपत्रापाशी आहे. तेथील चर्चने कळवले की मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची डी.बी.एस. तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदीची तेथील सरकारी तपासणी) होते, पण त्या तपासणीत परदेशातील गुन्ह्यांची नोंद दिसत नाही, त्यामुळे भारतातील पोलिसांचे प्रमाणपत्रही आणावे. इकडे पासपोर्ट सेवेच्या माहितीत लिहिले आहे की पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट हे परदेशातील निवासी दर्जा, नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थलांतर यांसाठी असते आणि पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांना ते दिले जात नाही. म्हणजे तिकडचे लोक जो कागद मागतात, तो मला इकडे मिळण्याची वाटच दिसत नाही. अशा वेळी काय करावे?

दुसरी अडचण घरची आहे. बाबांच्या हापूसच्या बागा आहेत. पेट्या वाशीच्या बाजारात जातात आणि दलालाकडचे पैसे हंगामात एकदम खात्यावर येतात. पावसाळ्यानंतर त्याच खात्यात फारसे काही उरत नाही. माझा पगार लहान आहे. मे महिन्यात एकाएकी भरलेले खाते पाहून व्हिसा अधिकाऱ्याला संशय येईल, अशी भीती घरात सर्वांना वाटते.

आणखी एक गोष्ट मनापासून विचारते. मी कॅथलिक आहे, ते चर्च अँग्लिकन आहे. मला तेथे कोणाचा संप्रदाय बदलायचा नाही आणि माझाही बदलायचा नाही. प्रार्थनेच्या वेळी मी क्रुसाची खूण केली तर ते अवघडल्यासारखे होईल का, हे आधी विचारणे योग्य की अनावश्यक?

तयारीबद्दलही सांगते. आमच्या शिबिरात योना आणि त्याला गिळणाऱ्या मोठ्या माशाची बायबलमधील गोष्ट मी पुठ्ठ्याच्या बाहुल्यांवर करते. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातील कलावंतांचे कळसूत्री बाहुल्यांचे खेळ पाहिले होते, त्यावरून सुचले. माशाचे तोंड वेगळे कापून दोऱ्याने जोडते. दोरा ओढला की जबडा उघडतो आणि योना आत जातो. आमच्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी होडी आहे, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असतो : मासा कुठला, मुशी (शार्क) की देवमासा? मग वादळ कुठल्या बाजूचे होते, होडीत माणसे किती, माल समुद्रात का टाकला, अशी चर्चा गोष्टीपेक्षा लांबते. समुद्रापासून दूर वाढलेल्या इंग्लंडमधील मुलांना हीच गोष्ट कशी सांगावी, याबद्दल कोणी अनुभवी शिक्षकाने दोन शब्द लिहिले तर फार उपकार होतील. त्या मुलांसाठी घरचे काजू आणि मालवणी खाजे न्यावे, असे आईच्या मनात आहे. तेही चालेल का?

— किनाऱ्यावरची शिक्षिका


प्रतिसाद — परदेशस्थ वसईकर

ताई, आपण सगळे खरे सांगून जाण्याचे ठरवले आहे, ते योग्यच आहे. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि आमच्या चर्चच्या बालसुरक्षेच्या कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

व्हिसाबद्दल आपण वाचले आहे ते बरोबर आहे. अर्जात भेटीचा मुख्य हेतू मावशीकडे राहणे हा लिहावा आणि त्याच काळात अमुक तारखांना पाच दिवस स्वयंसेवा करणार आहे, हेही तेथेच नोंदवावे. मात्र एक बाब आजच विचारून घ्या. नियमात ‘नोंदणीकृत’ धर्मादाय संस्था असे म्हटले आहे आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या ज्या पॅरिशचे वार्षिक उत्पन्न एक लाख पौंडांपेक्षा कमी असते, त्यांना चॅरिटी कमिशनकडे (धर्मादाय संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदणी करण्यापासून सूट आहे. त्या धर्मादाय संस्थाच असतात, पण त्यांना नोंदणी क्रमांक नसतो. गाव लहान असेल तर आपली पॅरिश नेमकी अशीच असण्याची शक्यता बरीच आहे. तसे असेल तर शिबिर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाने भरते का, किंवा धर्मप्रांताच्या (अनेक पॅरिश मिळून होणाऱ्या विभागाच्या) पातळीवरील नोंदणीकृत संस्था आपल्याला पत्र देऊ शकेल का, हे व्हिकरबाईंना विचारा. पत्रावर नोंदणी क्रमांक, शिबिराच्या तारखा, कामाचे स्वरूप आणि मानधन नाही हे वाक्य, एवढे असलेच पाहिजे.

आता पोलीस प्रमाणपत्र. येथील कायद्यात मुलांना शिकवणे किंवा सांभाळणे हे काम ३० दिवसांच्या काळात चार किंवा अधिक दिवस, कोणाच्या देखरेखीशिवाय केले, तर ते ‘नियमन केलेले काम’ ठरते आणि त्यासाठी सर्वांत कडक तपासणी लागते. आपले शिबिर पाच दिवसांचे असल्याने दिवसांची अट पूर्ण होते. परंतु स्वयंसेवक सतत एखाद्या तपासणी झालेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करत असेल तर ते काम त्या व्याख्येत बसते की नाही, हे चर्चकडून नक्की करून घ्यावे. म्हणून मी आपल्या जागी असतो तर चर्चला स्वतःहून लिहिले असते की मला गटप्रमुख करू नका, मदतनीस ठेवा, मी मुलांबरोबर एकटी राहणार नाही. असे लिहिल्याने आपला मान कमी होत नाही, उलट त्यांचा निर्णय सोपा होतो. पासपोर्ट सेवेचा नियम काय आहे तेही त्यांना पत्राने कळवा आणि त्याऐवजी महाराष्ट्र पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, शाळेचे पत्र आणि आपल्या फादरांचे पत्र चालेल का, हे विचारा. निर्णय चर्चच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याचा असतो आणि हे अधिकारी अशा प्रामाणिक पत्रांना सहसा नीट उत्तर देतात. एन्हान्स्ड (अधिक सखोल) डी.बी.एस.चा अर्ज आपल्याला एकटीला करता येत नाही, तो संस्थाच करते, आणि स्वयंसेवकांना त्याचे शुल्क नसते.

निघण्यापूर्वी चर्च ऑफ इंग्लंडचे ‘बेसिक अवेअरनेस’ आणि त्यानंतरचे ‘फाउंडेशन्स’ हे बालसुरक्षेचे प्रशिक्षण ऑनलाइन पूर्ण करा. त्यात जे सांगतात ते आपल्या सवयींपेक्षा बरेच वेगळे आहे. रडणाऱ्या मुलाला आपण पटकन कडेवर घेतो, गाल ओढतो, शौचालयात एकट्याने घेऊन जातो. येथे दुसऱ्या मोठ्या व्यक्तीला दिसेल अशा ठिकाणीच मुलाशी बोलावे लागते आणि आपल्या फोनवर एकही छायाचित्र काढायचे नसते. चार ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती, नऊ ते बारा वर्षांच्या आठ मुलांमागे एक, असे प्रमाण एन.एस.पी.सी.सी. ही बालसंरक्षण संस्था सुचवते, आणि गट कितीही लहान असला तरी किमान दोन मोठी माणसे हवीत. सुरुवातीला हे कोरडे वाटेल, पण यामागे चर्चमध्येच मुलांवर झालेल्या अत्याचारांचा मोठा आणि दुःखद इतिहास आहे, तो लक्षात ठेवून हे नियम मनापासून पाळावेत.

आईंना सांगा की काजू मावशीसाठी आणावेत, शिबिरात नेऊ नयेत. येथील अन्नविषयक कायद्यात ज्या १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची नावे आहेत त्यांत शेंगदाणे आहेत आणि काजूसह कवचफळेही आहेत. एखाद्या मुलाला त्याचा कणही जिवावर बेतू शकतो. खाजे बेसनगुळाचे असले तरी ते कोणत्या कढईत आणि कशाबरोबर तळले गेले हे आपण लिहून देऊ शकत नाही, म्हणून तेही नको. पेढे किंवा कोणताही दुधाचा पदार्थ तर भारतातून ब्रिटनमध्ये आणताच येत नाही.


प्रतिसाद — देवगड हापूस

मुलीच्या वेळी आम्हीही याच काळजीत होतो, म्हणून बागायतदाराच्या नात्याने लिहितो. खात्यावर एकदम पैसे येणे हा दोष नाही. ते कोठून आले हे न दाखवणे हा दोष आहे. दलालाकडून आलेल्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) तारखेप्रमाणे लावा आणि बँकेच्या विवरणात त्याच रकमांवर खूण करा, म्हणजे पट्टीवरची रक्कम आणि जमा रक्कम शेजारी शेजारी दिसतील. मागच्या हंगामांची विवरणेही जोडा, म्हणजे दर वर्षी याच महिन्यांत पैसे येतात हे कोणालाही कळेल. सात-बारा मराठीत असतो, त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते. मावशीचे निमंत्रणपत्र आणि शाळेचे रजा मंजुरीचे पत्र हे दोन कागद तर सर्वांत वर ठेवा. रजा संपल्यावर आपण कामावर परत येणार आहात, हे त्यावरूनच ठरते.

बायोमेट्रिकसाठी (व्हिसाकरिता बोटांचे ठसे देण्यासाठी) मुंबईला जावे लागले तर पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदललेले असते आणि गाड्या सावकाश धावतात. सकाळची वेळ घेतली असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.


प्रतिसाद — निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

मी प्रॉटेस्टंट आहे आणि सुट्टीतील बायबल शाळेत आयुष्यभर शिकवले आहे. ही पद्धत १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात गरीब वस्तीतल्या मुलांसाठी सुरू झाली आणि १९०१ पासून तेथे तिचा विस्तार झाला. पहिल्या दिवसापासून तिचे लक्ष उन्हाळ्यात रस्त्यावर मोकळ्या फिरणाऱ्या मुलांकडे होते. आता तुझ्या प्रश्नाबद्दल : बाळ, तू क्रुसाची खूण अवश्य कर. कित्येक अँग्लिकन स्वतः ती करतात. तरीही व्हिकरबाईंना आधी विचार, कारण स्वयंसेवकांकडून त्यांची काय अपेक्षा आहे, प्रार्थना कोण घेणार, मुलाने अवघड प्रश्न विचारला तर कोणाकडे पाठवायचे, हे सगळे त्याच संभाषणात कळेल. पवित्र मरियेबद्दल एखाद्या मुलाने विचारलेच, तर ‘आमच्या घरी आम्ही असे मानतो’ एवढेच सांगावे आणि पुढे जावे. पालकांनी मूल पाठवताना ज्याला संमती दिली, त्यापलीकडे जाण्याचा आपल्याला अधिकार नाही.

योनाच्या गोष्टीत मुलांना समुद्राची ओळख नसेल तर माशापासून सुरुवात करू नकोस. वादळापासून कर. सगळ्यांना खाली बसवून एक निळी चादर धरायला दे, आधी हळू, मग जोरात हलवायला सांग. वारा सुटल्यावर माणसे पहिली कुठली वस्तू फेकतील, असे विचार आणि त्यांना बोलू दे. तुझा मासा त्यानंतर येऊ दे. इंग्रजीतून सांगताना वाक्ये लहान ठेव आणि मोठ्याने सराव कर. आपण ज्या वेगाने घरात बोलतो त्या वेगाने बोललीस तर त्यांना कळणार नाही.


किनाऱ्यावरची शिक्षिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पॅरिशच्या नोंदणी क्रमांकाचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. मावशीला लगेच फोन केला आणि तिने व्हिकरबाईंना विचारले. पॅरिशला स्वतःचा क्रमांक नाही. धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे त्या चौकशी करणार आहेत आणि त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत मी व्हिसाचा अर्ज भरणार नाही. मदतनीस म्हणूनच ठेवावे, असेही मी कळवले आहे. बाबांनी गेल्या तीन हंगामांच्या पट्ट्या काढून ठेवल्या आहेत आणि आईने काजूचा विषय मावशीपुरता ठेवला आहे. चादरीची कल्पना तर मी येत्या रविवारीच आमच्या वर्गात करून पाहणार आहे.

आता एकच प्रश्न उरतो. सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी जिल्ह्यातून अलीकडे कोणी पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र परदेशातील संस्थेला दाखवण्यासाठी घेतले आहे का? ते इंग्रजीत मिळाले की भाषांतर करून घ्यावे लागले, आणि अर्जात कारण काय लिहिले होते, एवढे कृपया कळवावे.